ज्यू इतिहासावरच्या कादंबऱ्या आणि राष्ट्राचा प्रश्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यू इतिहासावरच्या कादंबऱ्यांबद्दल वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचता येईल. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. पुस्तकं शोधायला सोपं जावं म्हणून बहुतेकांची नावं इंग्रजी आवृत्तीप्रमाणे ठेवली आहेत. काही कादंबऱ्यांचे शेवट उत्तरांत उघड झाले आहेत, तेवढं लक्षात असू द्या.

१. ज्यू ऐतिहासिक कादंबरी म्हणजे बायबलमधल्या गोष्टींवरची कादंबरी का?

नाही. बायबलकाळावरच्या कादंबऱ्या आहेत, पण तो या प्रकारातला एक कप्पा झाला. रोमन साम्राज्याविरुद्धचं बंड, स्पेनमधून झालेली हकालपट्टी, पोलंड-युक्रेनमधली गावं, बगदादचा ज्यू मोहल्ला, जाफा बंदरावर उतरलेले रशियन तरुण, १९४८चं युद्ध या सगळ्यांवर कादंबऱ्या आहेत. त्यांना एकत्र बांधणारा प्रश्न एकच : आपण कोण? एक धर्म, एक समाज, की एक राष्ट्र? आणि राष्ट्र असू, तर ते कुठे?

जवळपास दोन हजार वर्षं ज्यूंना स्वतःचं राज्य नव्हतं, हे इथे विसरून चालत नाही. आपल्याकडची ऐतिहासिक कादंबरी ‘मोचनगड’पासून (१८७१) गड, स्वाऱ्या आणि स्वराज्य यांच्या आधाराने वाढली. ज्यू लेखकाच्या हाती असं काही नव्हतं. त्याच्याकडे होते धर्मग्रंथ, स्थलांतरं आणि न संपणारे वाद. म्हणून या कादंबऱ्यांमध्ये माणसं लढतात त्यापेक्षा भांडतात जास्त, आणि ती भांडणंच बहुतेक वेळा पुस्तकातला सर्वांत चांगला भाग असतात.

२. मला ज्यू इतिहासाची काहीच माहिती नाही. आधी इतिहास वाचू की थेट कादंबरी?

थेट कादंबरी वाचा. फक्त सात-आठ सनावळ्या एका कागदावर लिहून पुस्तकात ठेवा. इसवी सन ७० : रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. १४९२ : स्पेनमधून हकालपट्टी. १६४८ : युक्रेनमध्ये ख्मेल्नित्स्कीच्या उठावात ज्यूंच्या कत्तली. १८८१ : झार दुसऱ्या अलेक्झांडरच्या हत्येनंतर रशियात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि मोठं स्थलांतर झालं. १८९७ : बाझल इथे पहिली झायनिस्ट काँग्रेस (झायनिझम म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र उभारू पाहणारी चळवळ). १९१७ : पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंसाठी ‘राष्ट्रीय घर’ उभारायला पाठिंबा देणारं ब्रिटिशांचं बाल्फोर जाहीरनामापत्र. १९३९–४५ : महायुद्ध आणि होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार. १९४८ : इस्रायलची स्थापना, आणि त्याच युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी बेघर झाले.

याखेरीज एक सवय लावून घ्या. कादंबरी उघडल्यावर ती कोणत्या काळावर आहे हे कळतंच. ती कोणत्या साली लिहिली गेली हेही आधी बघा. इसवी सन ७०वरची कादंबरी १९३२ साली बर्लिनमध्ये लिहिली असेल, तर ती दोन्ही सालांबद्दल बोलत असते. या एका सवयीने जेवढं उमगतं तेवढं जाड संदर्भग्रंथ वाचूनही उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

३. सुरुवात कोणत्या पुस्तकाने करू?

वेग आणि कथानक हवं असेल तर लिऑन फॉइख्टवांगर यांची जोसेफसवरची कादंबरी (प्रश्न ६). लहान आणि खोल जाणारं काही हवं असेल तर एस. यिझहार यांची ‘खिरबेत खिझेह’ (प्रश्न ९). ओघवती, घरात बसून सांगितल्यासारखी गोष्ट हवी असेल तर आयझॅक बाशेविस सिंगर (प्रश्न ११) किंवा सामी मायकेल (प्रश्न १२). ‘एक्झोडस’ने (प्रश्न ८) सुरुवात करू नका. ती वाचायची जरूर, पण हाताशी दुसरं काही वाचलेलं असताना.

मराठी वाचकाला यातली बहुतेक पुस्तकं इंग्रजी अनुवादातूनच वाचावी लागतात. सुदैवाने अनुवाद उत्तम आहेत. हिलेल हाल्किन यांनी इंग्रजीत आणलेली ‘मिस्टर मानी’ (प्रश्न १६) हा तर अनुवादाच्या कलेचा नमुना आहे.

४. पहिली हिब्रू कादंबरी कोणती? ती ऐतिहासिकच होती, हा योगायोग आहे का?

योगायोग अजिबात नाही. अव्राहाम मापू (१८०८–१८६७) हे लिथुआनियातल्या कोव्हनोजवळच्या एका उपनगरात जन्मलेले शिक्षक. त्यांची ‘अहवात त्सियोन’ ही पहिली हिब्रू कादंबरी १८५३ साली व्हिल्ना इथे छापली गेली. काळ हिझकिया राजाचा आणि यशया संदेष्ट्याचा. मापूंनी जेरुसलेम कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी ते बायबलच्या पानांवरून उभं केलं.

त्या वेळी हिब्रू ही प्रार्थनेची आणि पंडितांची भाषा होती. घरात यिडिश बोलली जाई. मापूंनी बायबलचीच शब्दकळा वापरून प्रेमकथा लिहिली : द्राक्षमळे, मेंढपाळ, कारस्थानं, ताटातूट, भेट. झारच्या राज्यातल्या चिखलाच्या गल्ल्यांत राहणाऱ्या, धार्मिक पाठशाळेत दिवसभर ग्रंथ घोकणाऱ्या मुलांनी हे लपूनछपून वाचलं. आपले पूर्वज शेत नांगरत होते, घोड्यावर बसत होते, प्रेमात पडत होते, हे त्यांना प्रथमच कथेच्या रूपात दिसलं. पुढे पॅलेस्टाइनला गेलेल्या पिढीतल्या अनेकांवर, त्यात इस्रायलचे पहिले पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियनही आले, या पुस्तकाची छाप होती. आज कादंबरी म्हणून ती जड जाते, पात्रं चांगली किंवा दुष्ट एवढीच आहेत. तरीही एखादं राष्ट्र आधी वाचनातून आकार घेतं म्हणजे काय होतं, हे पाहायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

५. कादंबऱ्यांमुळे इस्रायल घडलं असं काही जण म्हणतात. अतिशयोक्ती ना?

‘घडलं’ म्हणणं अतिशयोक्तीच आहे. देश घडला तो छळामुळे, स्थलांतरामुळे, पैशामुळे, साम्राज्यांच्या राजकारणामुळे आणि युद्धामुळे. पण दोन कादंबऱ्यांनी लोकांच्या डोक्यात जागा केली, हे नाकारता येत नाही.

पहिली जॉर्ज एलियट यांची ‘डॅनियल डेरोंडा’ (१८७६). इंग्रज सरदाराच्या घरात वाढलेल्या तरुणाला आपण जन्माने ज्यू असल्याचं कळतं आणि शेवटी तो पूर्वेकडे निघतो. एलियट स्वतः ज्यू नव्हत्या. झायनिझमची संघटना उभी राहण्याच्या वीस वर्षं आधी त्यांनी हे लिहिलं. आधुनिक बोली हिब्रूसाठी आयुष्य वेचणाऱ्या एलिएझर बेन-येहुदांवर या पुस्तकाचा मोठा परिणाम झाला. तेल अवीवमध्ये आणि जेरुसलेममध्ये आजही जॉर्ज एलियट यांच्या नावाचे रस्ते आहेत.

दुसरी झायनिस्ट चळवळीचे प्रणेते थिओडोर हेर्झल यांची ‘आल्टनॉयलांड’ (१९०२). ही उलट्या दिशेची ऐतिहासिक कादंबरी म्हणावी लागेल, कारण ती भविष्यात, १९२३ साली घडते. तिच्यात रशीद बे नावाचा अरब अभियंता ज्यूंच्या आगमनाने सगळ्यांचंच भलं झालं असं सांगतो, आणि बिगर-ज्यूंचे हक्क काढून घेऊ पाहणारा गायर नावाचा पुढारी निवडणुकीत हरतो. हेर्झलनी काय कल्पिलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे ताडून पाहायला ही दोन पात्रं पुरेशी आहेत. नाहुम सोकोलोव यांनी तिचा हिब्रू अनुवाद केला तो ‘तेल अवीव’ या नावाने, आणि जाफाच्या वाळूत वसलेल्या नव्या वस्तीने १९१० मध्ये तेच नाव घेतलं. कादंबरीच्या शीर्षकावरून महानगराचं नाव पडल्याची उदाहरणं जगात फार नसतील.

६. जोसेफस हा गद्दार होता ना? मग त्याच्यावर तीन खंड कशाला?

तीन खंड आहेत ते नेमके या प्रश्नासाठीच.

आधी माणूस. योसेफ बेन मत्तिथ्याहू, जन्म इसवी सन ३७, जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यातला. रोमनांविरुद्धच्या बंडात तो गालीलचा सेनापती होता. ६७ साली वेढा पडलेलं योदफात रोमनांच्या हाती गेलं तेव्हा तो चाळीसएक जणांबरोबर एका गुहेत अडकला. शरण जाण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारायचं ठरलं. शेवटी दोघे उरले, त्यातला एक योसेफ, आणि त्याने शरणागती पत्करली. रोमन सेनापती व्हेस्पासियनला त्याने ‘तू सम्राट होशील’ असं भाकीत सांगितलं. ६९ साली तो खरोखरच झाला. योसेफ रोममध्ये फ्लेवियस जोसेफस झाला, नागरिकत्व मिळालं, निवास मिळाला, आणि तिथे बसून त्याने आपल्याच लोकांच्या पराभवाचा इतिहास लिहिला. तो नसता तर त्या युद्धाबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळलं नसतं.

फॉइख्टवांगर हे म्युनिकचे जर्मन ज्यू. ‘ज्यूइश वॉर’ हा पहिला खंड १९३२ साली आला. जोसेफस त्यात ‘विश्वनागरिकाचं स्तोत्र’ रचतो : एका भूमीला, एका जमातीला बांधून न घेणाऱ्या माणसाचं गाणं. लिहिणाऱ्याचीही तीच श्रद्धा होती; जर्मन संस्कृती आणि ज्यू वारसा दोन्ही आपले. काही महिन्यांतच हिटलर सत्तेवर आला. फॉइख्टवांगर त्या वेळी अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर होते. त्यांचं बर्लिनचं घर लुटलं गेलं आणि दुसऱ्या खंडाचं हस्तलिखित त्यात नष्ट झालं. परतायला देशच उरला नव्हता. फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सानारी गावात त्यांनी ते पुन्हा लिहायला घेतलं, आणि या दुसऱ्या लेखनात पुस्तक वाढत गेलं. दोन खंडांचे तीन झाले. तिसरा आला तोवर लेखक फ्रान्समधली छावणी भोगून अमेरिकेत पोहोचला होता.

म्हणून ही त्रयी ओळीने वाचताना पहिल्या खंडातला विश्वास हळूहळू ढळताना दिसतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या खंडातला जोसेफस रोममध्ये सगळं मिळवूनही उपराच राहतो. मुलगा कोणाचा, रोमचा की यहुदियाचा (जेरुसलेमभोवतीच्या ज्यूंच्या मुलखाचा), या झगड्यात तो पोळतो, आणि अखेर बंडखोर यहुदियाकडेच वळतो. फॉइख्टवांगर त्याला गद्दार ठरवत नाहीत आणि हुतात्माही करत नाहीत. दोन समाजांना एकाच वेळी आपलं म्हणणाऱ्या माणसाची किंमत किती, याचा हिशेब ते मांडतात. या पानावरचं एकच पुस्तक वाचणार असाल तर हे वाचा.

७. ‘जूड झ्यूस’ हा नाझींचा प्रचारपट ना? मग तीच कादंबरी तुम्ही वाचायला कशी सांगता?

ही गफलत फार होते, आणि ती दूर व्हायलाच हवी. फॉइख्टवांगर यांची ‘जूड झ्यूस’ १९२५ची. फाइट हार्लान यांचा त्याच नावाचा चित्रपट १९४०चा, नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या आदेशावरून काढलेला, ज्यूद्वेष पेरण्यासाठी. कादंबरीचा तो चित्रावतार नाही. एका ज्यू लेखकाने जगभर गाजवलेलं शीर्षक चोरून त्याच्या विरुद्ध वापरलं गेलं. त्याच फॉइख्टवांगरांची पुस्तकं १९३३ मध्ये जाळली गेली होती.

मूळ ऐतिहासिक व्यक्ती योसेफ झ्यूस ओपेनहायमर. व्युर्टेमबर्गच्या ड्यूकचा खजिना सांभाळणारा ज्यू. ड्यूक अचानक वारला, लोकांचा सगळा राग याच्यावर निघाला, आणि ४ फेब्रुवारी १७३८ रोजी स्टुटगार्टमध्ये त्याला फाशी दिलं. मृतदेह लोखंडी पिंजऱ्यात सहा वर्षं टांगून ठेवला होता. फॉइख्टवांगरांच्या कादंबरीत त्याला कळतं की आपला खरा बाप एक ख्रिस्ती सरदार आहे. ते जाहीर केलं तर जीव वाचतो. तो ते सांगत नाही. सत्ता, कपडे, बायका, हिरे यांच्या मागे आयुष्यभर धावलेला माणूस शेवटच्या टप्प्यावर सुटकेचा कागद हातात असताना गप्प राहतो, आणि ज्यू म्हणून मरतो. बापाकडून न आलेली ओळख मरताना निवडणारा हा नायक १९२५ साली लिहिला गेला, हे ध्यानात ठेवून ती पानं वाचा.

८. ‘एक्झोडस’मधलं किती खरं आहे?

लिऑन युरिस यांची ‘एक्झोडस’ १९५८ची. अमेरिकेत तिने प्रचंड खप गाठला, १९६० मध्ये ऑटो प्रेमिंजर यांनी चित्रपट काढला, आणि सोव्हिएत युनियनमध्ये तिच्या टंकलिखित प्रती ज्यूंमध्ये गुपचूप फिरत. तिचं ऐतिहासिक वजन म्हणून मोठं आहे.

आता खरं किती? ‘एक्झोडस १९४७’ नावाचं जहाज खरं. जुलै १९४७ मध्ये ते फ्रान्सच्या सेत बंदरातून साडेचार हजारांहून अधिक लोक घेऊन निघालं. ब्रिटिश नौदलाने ते अडवलं, झटापटीत माणसं मेली, आणि प्रवाशांना पॅलेस्टाइनमध्ये न ठेवता दुसऱ्या जहाजांतून आधी फ्रान्सला आणि तिथे ते उतरेनात म्हणून थेट जर्मनीत, हॅम्बर्गला नेलं गेलं. छळछावण्यांतून वाचलेल्यांना पुन्हा जर्मनीत उतरवलं गेलं, आणि जगभर संताप उसळला. कादंबरीत मात्र जहाज सायप्रसहून निघतं, त्यावर मुलं आहेत, ती उपोषण करतात आणि ब्रिटिश नमतात. म्हणजे युरिस यांनी पराभवाचा विजय केला. मला तरी खरी हकिकत कादंबरीपेक्षा कितीतरी अधिक हलवून सोडणारी वाटते.

माझा मोठा आक्षेप जहाजाबद्दलचा नाही. या कादंबरीतले अरब जवळपास सगळे मागास, क्रूर किंवा भित्रे आहेत. जो भला आहे तो ज्यूंचा मित्र म्हणून भला आहे. लाखो वाचकांनी पॅलेस्टाइन प्रथम पाहिलं ते या चष्म्यातून. वेगवान कथा इतिहासाची जागा कशी घेते, ते ओळखायला शिका आणि पुढचं उत्तर वाचल्याशिवाय हे पुस्तक हातावेगळं करू नका.

९. या कादंबऱ्यांत पॅलेस्टिनी लोक कुठे आहेत?

बऱ्याच ठिकाणी नाहीत, आणि ही मोठी उणीव आहे. पण हिब्रू साहित्याने हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारला होता, हेही सांगायला हवं.

एस. यिझहार १९४८च्या युद्धात स्वतः अधिकारी होते. ‘खिरबेत खिझेह’ ही छोटी कादंबरी १९४९ मध्ये आली. गाव काल्पनिक आहे, घटना तशा घडलेल्या. इस्रायली सैनिकांची तुकडी एका अरब गावाबाहेर हुकमाची वाट बघत बसली आहे. ऊन छान आहे, पोरं खातात, चेष्टा करतात, कंटाळतात. मग गाव रिकामं करायला सुरुवात होते. म्हातारे, बायका, आंधळी माणसं ट्रकमध्ये चढवली जातात. एक बाई मुलाचा हात धरून ताठ मानेने त्यांच्यासमोरून चालत जाते, आणि निवेदकाला कळतं की त्या मुलाच्या मनात आज काय रुजतं आहे. लहानपणापासून शाळेत, प्रार्थनेत, घरात निवेदकाला एकच गोष्ट शिकवलेली असते : आपल्याला देशोधडीला लावलं. आता तो ट्रकच्या दुसऱ्या बाजूला उभा आहे. हे पुस्तक पुढे इस्रायलच्या शाळांत अभ्यासाला होतं. १९७८ मध्ये त्यावरचा टीव्हीपट दाखवायचा की नाही यावरून देशात मोठा वाद झाला.

दुसऱ्या बाजूने घसान कनफानी यांची ‘रिटर्निंग टू हैफा’ (१९६९) वाचा. १९४८च्या धावपळीत हैफाच्या घरात तान्हं मूल राहून गेलेलं जोडपं १९६७ नंतर ते घर बघायला जातं. दार उघडते ती होलोकॉस्टमधून वाचलेली ज्यू बाई. मूल तिने वाढवलं आहे, आणि ते आता इस्रायली सैनिक आहे. लेबनीज लेखक इलियास खौरी यांची ‘गेट ऑफ द सन’ (१९९८) मोठी आणि विस्तृत आहे. ‘खिरबेत खिझेह’ आणि ‘रिटर्निंग टू हैफा’ दोन्ही मिळून एका सुट्टीच्या दिवसात संपतात. एकामागोमाग एक वाचा.

१०. मसाडाच्या किल्ल्यावर ९६० जणांनी खरंच सामूहिक मरण पत्करलं का?

याला एकच लिखित आधार आहे : जोसेफस. त्याच्या मते मंदिर पडल्यानंतर तीनेक वर्षांनी, रोमनांनी तट फोडल्यावर किल्ल्यावरच्या ज्यू बंडखोरांनी आपली बायकामुलं मारली, मग चिठ्ठ्या टाकून एकमेकांना मारलं. ९६० मेले, दोन बायका आणि पाच मुलं लपून वाचली. यिगाएल यादिन यांच्या १९६३–६५च्या उत्खननात किल्ला, वेढ्याच्या खुणा, वस्तू मिळाल्या. पण ती रात्र जशी सांगितली तशीच घडली याचा पुरावा मिळालेला नाही, आणि अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत.

आता प्रश्न ६ मधली गुहा आठवा. चिठ्ठ्या टाकून मरण्याच्या बेतातून स्वतः वाचलेला माणूसच ही कथा सांगतो आहे. बंडखोरांचा म्होरक्या एलाझार याच्या तोंडचं मरणाआधीचं धगधगतं भाषणही त्यानेच लिहिलेलं. जगलेल्याने न जगलेल्यांना दिलेलं हे शब्दांचं देणं आहे, असं मला दर वेळी वाटतं.

कित्येक शतकं ज्यू परंपरेत मसाडाला फारसं स्थान नव्हतं. यित्झाक लामदान यांच्या १९२७च्या हिब्रू दीर्घकवितेनंतर ते राष्ट्रीय प्रतीक झालं, पुढे सैनिकांचे शपथविधी तिथे होऊ लागले. कादंबरी वाचायची तर ॲलिस हॉफमन यांची ‘द डव्हकीपर्स’ (२०११). ती किल्ल्यावरच्या बायकांच्या नजरेतून आहे.

११. खोट्या मसीहांवरच्या कादंबऱ्या राष्ट्राबद्दल आहेत असं कसं म्हणता?

कारण राज्य नसलेल्या समाजात परतीचं स्वप्न मसीहाच्या नावाने जगतं. १६४८च्या कत्तलींनंतर शब्बताई त्सवी नावाच्या माणसाने आपण मसीहा असल्याचं सांगितलं आणि पोलंडपासून येमेनपर्यंत लोक आवराआवर करून पवित्र भूमीकडे निघायच्या तयारीला लागले. १६६६ मध्ये सुलतानापुढे त्याने इस्लाम स्वीकारला. सिंगर यांची ‘सेटन इन गोराय’ त्या उन्मादाची कथा आहे : पोलंडमधलं कत्तलीतून वाचलेलं एक गाव, आणि सुटकेच्या आशेने ते आतून कसं नासत जातं. पुस्तकरूपात ती १९३५ मध्ये वॉर्सात आली, यिडिशमध्ये. साल पाहा, म्हणजे ती कोणाला सावध करत होती ते कळेल.

ओल्गा तोकार्चुक यांची ‘द बुक्स ऑफ जेकब’ (२०१४) अठराव्या शतकातल्या याकोब फ्रांकवर आहे. त्याने अनुयायांसह १७५९ मध्ये ल्वूव इथे ख्रिस्ती धर्म घेतला. पुस्तक हजार पानांच्या आसपास आहे आणि पृष्ठांक उलटे, उतरत्या क्रमाने छापलेले आहेत, हिब्रू पुस्तकांची आठवण म्हणून. येंटे नावाची म्हातारी ताईत गिळते आणि मरत नाही, जगतही नाही. वरून सगळं बघत राहते. पोलंड हा एकाच धर्माच्या, एकाच वंशाच्या लोकांचा देश होता ही समजूत या कादंबरीत टिकत नाही. पोलंडच्या इतिहासाबद्दल मोकळेपणाने बोलल्यावर तोकार्चुक यांना धमक्या आल्या. ‘राष्ट्र म्हणजे कोण’ हा प्रश्न फक्त ज्यूंचा नाही, हे तिथल्या लोकांना बरोबर समजलं होतं.

१२. सगळं युरोपभोवतीच फिरतं का? अरब देशांतल्या ज्यूंचं काय?

बराच काळ तसंच होतं. इस्रायलची पाठ्यपुस्तकातली गोष्ट युरोपातून आलेल्यांनी लिहिली. इराकमध्ये ज्यू अडीच हजार वर्षं राहत होते. १९४१ मध्ये बगदादला ‘फरहूद’ नावाने ओळखला जाणारा हल्ला झाला आणि १९५०–५१ मध्ये सुमारे १,२०,००० जणांना विमानांनी इस्रायलला आणलं. तिथे त्यांच्या वाट्याला तंबूंच्या छावण्या आल्या. घरात अरबी बोलणाऱ्या माणसांना एका रात्रीत शत्रूची भाषा बोलणारे ठरवण्यात आलं.

सामी मायकेल यांची ‘व्हिक्टोरिया’ (१९९३) बगदादच्या ज्यू मोहल्ल्यातल्या एका बाईच्या आयुष्याची कथा आहे. सामायिक अंगण, गच्चीवर झोपणारी कुटुंबं, भूक, चुलत भावंडांची लग्नं. हरवलेल्या बगदादला त्यांनी सोन्याचा मुलामा दिलेला नाही, म्हणून ते पटतं. शिमोन बल्लास यांची ‘आउटकास्ट’ (१९९१) इस्लाम स्वीकारलेल्या एका इराकी ज्यू विद्वानाच्या तोंडून येते. स्पेनहून विखुरलेल्या घराण्यांसाठी प्रश्न १६ पाहा.

१३. आपल्या बेने इस्रायलींवर कादंबरी आहे का?

आहे, आणि ‘घर कुठलं’ हा प्रश्न इथे अगदी वेगळ्या स्वरात येतो. कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले गेलेले हे लोक. गावांवरून आडनावं, घरात मराठी, नवसाला मलिदा. १८८०च्या सुमारास त्यांनी मराठी कीर्तनाच्या घाटात बायबलची आख्यानं रचली. छळातून राष्ट्रवाद जन्मतो हे सूत्र त्यांना लागू पडत नाही. इथे छळ झालाच नाही. तरीही १९४८ नंतर बहुतेक जण गेले. गेल्यावर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याशी विवाह लावण्याआधी वंशाची चौकशी करावी असे धर्मपीठाचे आदेश निघाले. आंदोलन झालं, आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू म्हणून मान्यता दिली. या प्रसंगात मोठ्या कादंबरीचा ऐवज आहे. ती मराठीत लिहिली जावी असं मनापासून वाटतं.

जे आहे त्यात मीरा महादेवन यांची हिंदी कादंबरी ‘अपना घर’ (१९६१, इंग्रजीत ‘शुलामिथ’). दिल्लीत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरांची चळवळ उभी करणाऱ्या त्याच या. इस्रायलला जावं की राहावं यावरून दुभंगणारं घर त्यांनी आतून पाहिलेलं होतं. एस्थर डेव्हिड यांची ‘बुक ऑफ रेचेल’ अलिबागजवळच्या दांडा गावात घडते : मुलं इस्रायलला, रेचेल एकटी, सिनेगॉगची (ज्यू प्रार्थनास्थळाची) साफसफाई करते, आणि त्या जमिनीवर डोळा ठेवणाऱ्याशी झुंजते. प्रकरणांच्या सुरुवातीला पाककृती आहेत. कोकणी माणसाला त्यातला नारळ लगेच ओळखू येतो. २०१० मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शीला रोहेकर यांची हिंदी ‘मिस सॅम्युएल : एक यहूदी गाथा’ही आवर्जून मिळवा.

१४. होलोकॉस्टवरच्या कादंबऱ्या या यादीत का नाहीत?

त्यांचं स्वतंत्र दालन आहे आणि तिथले प्रश्न वेगळे आहेत; साक्षीदाराचं कथन आणि कल्पित यांची सरमिसळ तिथे जास्त जोखमीची असते. एक पूल म्हणून आंद्रे श्वार्झ-बार्त यांची ‘द लास्ट ऑफ द जस्ट’ (१९५९) वाचा. यॉर्कच्या कत्तलीपासून आउशवित्झपर्यंत एकाच घराण्याची कथा आहे. त्यात यॉर्कची घटना ११८५ साली दाखवली आहे; प्रत्यक्षात ती ११९०ची.

१५. कादंबरीत चूक सापडली तर पुस्तक बाद समजायचं का?

सनावळीतली चूक बाद करण्याइतकी मोठी नसते. पाच वर्षं इकडची तिकडे झाल्याने ‘लास्ट ऑफ द जस्ट’ची ताकद कमी होत नाही. पण युरिस यांनी जहाजाचा शेवट बदलला (प्रश्न ८) तेव्हा वाचकाचा निष्कर्षच बदलला. फरक तिथे आहे. बदल झालेला दिसला की विचारा : यामुळे कोण अधिक निर्दोष ठरलं? आणि कोण गाळलं गेलं? जेम्स मिचनर यांच्या ‘द सोर्स’ (१९६५)सारख्या पुस्तकात उत्खननाचं माकोर हे ठिकाणच काल्पनिक आहे, ते लपवलेलं नाही. तिथे फसवणूक होत नाही. फिलिप रॉथ यांच्या ‘द प्लॉट अगेन्स्ट अमेरिका’त (२००४) १९४०ची अमेरिकी निवडणूक विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग जिंकतो, म्हणजे इतिहास उघड उघड मोडलेला आहे, आणि तरी त्या काळच्या अमेरिकेतल्या ज्यूद्वेषाचं ते अगदी खरं चित्र आहे.

१६. ‘मिस्टर मानी’ मागून पुढे वाचली तर चालेल का? क्रम लागत नाही.

हा प्रश्न इतक्यांदा येतो की वेगळं उत्तर द्यायलाच हवं. ए. बी. येहोशुआ यांची ही १९९०ची कादंबरी पाच संभाषणांची आहे आणि काळात मागे जाते : १९८२, १९४४, १९१८, १८९९, १८४८. दर संभाषणात आपल्याला एकाचंच बोलणं ऐकू येतं, समोरच्याचं गाळलेलं आहे. बोलणाऱ्यांत किबुत्झमधली (सामुदायिक शेतवस्तीतली) मुलगी आहे, क्रीटमधला जर्मन सैनिक आहे, जेरुसलेममधला ब्रिटिश ज्यू अधिकारी आहे. विषय एकच, मानी नावाचं मूळचं स्पेनकडचं घराणं.

पहिल्यांदा छापल्या क्रमानेच वाचा. पहिल्या संभाषणात अडखळायला होतं, ते सहन करा. समोरचा काय म्हणाला असेल हे आपण भरू लागलो की पुस्तक सुरू होतं. पिढ्यान्‌पिढ्या या घराण्यातले पुरुष असे का वागतात याची मुळं शेवटच्या, १८४८च्या संभाषणात आहेत. तिथे योसेफ मानी हा तरुण भेटतो. जेरुसलेमचे अरब म्हणजे आपण ज्यू असल्याचं विसरलेले ज्यूच आहेत, या कल्पनेने त्याला झपाटलेलं असतं. त्यांना ते आठवून द्यायला तो रात्री त्यांच्यात जातो, आणि त्यातच मरतो. हेर्झलच्या जन्माआधीच्या काळात येहोशुआ ही कल्पना पेरतात आणि वाचकाला ती १९८२चं संभाषण वाचून झाल्यावर भेटते. उलट वाचलंत तर ती सुरुवातीलाच हाती लागते आणि पुढचं सगळं तिचं स्पष्टीकरण होऊन बसतं. दुसऱ्या वाचनात मात्र खुशाल १८४८पासून सुरू करा, आणि शेजारी प्रश्न २ मधला सनावळ्यांचा कागद ठेवा. १८९९ आणि १९१८ची संभाषणं एकेका मोठ्या सालाच्या अगदी लगत, पण किंचित बाजूला ठेवलेली दिसतील.